पाडलेल्या लगोऱ्या

बहारीनमध्ये डोंगर नाही असं कुणी म्हटलं की तिथले जुने रहिवासी लगेच दुरुस्त करायचे, जबल दुखान आहे ना. दुखान म्हणजे धूर. दमट हवेत ते टेकाड दुरून धुरकट दिसतं म्हणून ते नाव पडलं, असं मला माझ्या एका बहारीनी सहकारी बाईनं सांगितलं होतं. माथ्यापर्यंत गाडी जायची. भोवती तेलाच्या नळ्या आणि सतत मान खालीवर करणारे पंप. मी आणि माझा नवरा, दोघंही सह्याद्रीत हिंडून वाढलेले. लग्न जमलं तेही एका किल्ल्याच्या वाटेवर. अशा माणसांनी शुक्रवारी सकाळी घाम गाळत त्या टेकाडावर चढायचं, आणि वर पोचल्यावर एखादं कुटुंब मोटारीतून उतरून थर्मासमधला चहा ओतताना बघायचं, हे जरा लाजिरवाणंच होतं. तरी आम्ही जायचो. पायांची सवय मोडू नये म्हणून.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. सौदीला जोडणारा पूल अजून पुरा व्हायचा होता. उत्तरेला इराण-इराकचं युद्ध चालू होतं आणि समुद्रातल्या जहाजांवर काय काय होतं याच्या बातम्या कुजबुजीतूनच जास्त यायच्या. बंदराकडे कॅमेरा रोखू नये, फोनवर फार बोलू नये, असं नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगून ठेवायचं. मी सलमानियाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होते. माझं अरबी सगळं तिथलं. मूठ मिटा, उजवा हात, डावा हात, दुखतंय का, खलास. नवरा एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होता.

त्याच्या ऑफिसात एक ड्राफ्ट्समन होता, बेळगावजवळच्या खेड्यातला. पस्तिशीचा, एकटा, कमी बोलणारा. जिदहफ्सला तीन-चार जणांत एक खोली घेऊन राहायचा. आम्ही डोंगरावर जातो हे कळल्यावर एका शुक्रवारी तो आपणहून आला आणि मग येतच राहिला. मला वहिनी म्हणायचा, नवऱ्याला दादा. चालायला चिवट. माणूस वाईट वाटण्यासारखं त्याच्यात काहीच नव्हतं, पण ऑफिसातल्या मराठी मंडळींत त्याच्याबद्दल एक गोष्ट बोलली जायची. तो साहेबाचा कान आहे म्हणून. कुणीतरी जेवणाच्या पंगतीत कंपनीला शिव्या घातल्या आणि पुढच्या महिन्यात त्याची रजा नामंजूर झाली. दुसऱ्या कुणाचा करार वाढवला नाही. दोन्ही वेळा हा तिथं होता म्हणे. दोन्ही वेळा तिथं आणखीही माणसं होती, पण बोट ह्याच्याकडेच गेलं.

नवरा म्हणायचा, लोकांना रिकामपण फार. पण ड्राफ्ट्समन घरी आला की मी पगाराचा, ऑफिसचा विषय काढत नसे.

मोठ्या डोंगराची कल्पना त्याचीच. अमिराती आणि ओमान यांची सीमा रास अल खैमाच्या मागे ज्या डोंगरांवरून जाते, त्यांतला एक उंच माथा त्यानं हेरून ठेवला होता. सरळ धारेवरून चढ, एका हाताला एक देश, दुसऱ्या हाताला दुसरा, वर वस्ती नाही. एका संध्याकाळी त्यानं आमच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला. ऑफिसातल्या कुठल्याशा जुन्या नकाशावरून त्यानं तो भाग स्वतः उतरवून घेतला होता, अगदी सुबक.

"हे ऑफिसात कुणाला बोलू नका हं दादा," तो म्हणाला. "कपाटातला नकाशा होता. साहेबाला कळलं तर माझी नोकरी गेली समजा."

नवऱ्यानं मान हलवली. तो गेल्यावर मी विचारलं, न सांगता चाललं असतं ते ह्यानं आपल्याला का सांगितलं? नवरा म्हणाला, विश्वास म्हणून. मला ते पटलं नाही. कोण माणूस अर्ध्या ओळखीवर आपली नोकरी दुसऱ्याच्या हातात देतो? आणि ज्याच्याबद्दल तसं बोललं जातं तो तर नाहीच.

तरीही आम्ही निघालो, कारण डोंगराची भूक त्या संशयाहून मोठी होती. हिवाळ्यात राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला रजा जोडली. व्हिसा कंपनीच्या दुबईच्या शाखेनं करून दिला. खरेदीला जातोय असं सांगायचं, हेही ड्राफ्ट्समननंच सुचवलं. विमानात तो खिडकीशी बसून पूर्ण वेळ खाली बघत होता.

रास अल खैमाला एक पठाण ड्रायव्हर पिकअपसकट मिळाला. डोंगरांतल्या एका कोरड्या ओढ्याच्या पात्रातून, गोट्यांवरून उडत, त्यानं आम्हाला जाता येईल तिथवर आत नेलं. वाटेत तो हिंदीत एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिला. वर काय आहे? काही नाही. मग कशाला जाता? बघायला. काय बघायला? नवरा हसला, ड्रायव्हर हसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी इथंच येतो म्हणाला आणि जाताना आरशातून आमच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हा आता परत येईल तर पोलिसांना घेऊन येईल, नाहीतर येणारच नाही.

ते डोंगर आमच्या डोंगरांसारखे नव्हते. झाड नाही, माती नाही, नुसता करडा, पापुद्रे सुटलेला दगड. पण चढणीच्या मध्यावर अचानक बांध घातलेली लहान लहान शेतं लागली, भुईत अर्धी बुडालेली दगडी घरं आणि पावसाचं पाणी साठवायचं एक टाकं. माणूस कुणी नाही. घरांना जाड लाकडी दारं, बाहेरून बंद. शेतात नुकतंच कुणीतरी खुरपलेलं दिसत होतं. नवरा म्हणाला, थंडीत खाली उतरत असतील. मी त्या बंद दारांकडे पाठ करून बसायचं टाळलं.

रात्र तिथंच बांधाच्या आडोशाला काढली आणि उजाडताच वर निघालो. वाट अशी नव्हतीच. शेळ्यांच्या पायवाटा चारी बाजूंना फुटत होत्या. म्हणून नवऱ्यानं, आमच्याकडे करतात तशा, वळणावळणावर दगडांच्या लगोऱ्या रचायला सुरुवात केली. उतरताना चुकू नये म्हणून. जिथं आम्ही चढत होतो ती डोंगराची सोंड मुख्य धारेला मिळाली तिथं त्यानं कमरेएवढी मोठी लगोरी उभी केली, कारण तिथून खाली पाच-सहा सोंडा एकसारख्या उतरत होत्या आणि आमची नेमकी कुठली हे ओळखायला दुसरी खूण नव्हती. नवरा पुढे, मी मध्ये, ड्राफ्ट्समन मागे. तो अधूनमधून थांबून दुर्बिणीतून ओमानच्या बाजूला बघायचा. काय दिसतं विचारलं तर म्हणायचा, काही नाही वहिनी, डोंगरच.

धारेवर बरंच पुढे गेल्यावर मी दम खायला थांबले आणि सहज मागे पाहिलं. मोठी लगोरी दिसायला हवी होती. दिसली नाही. मी ड्राफ्ट्समनकडून दुर्बीण मागून घेतली. त्यानं ती द्यायला क्षणभर वेळ लावला, निदान मला तसं वाटलं. दुर्बिणीतूनही धार सपाट दिसली. अलीकडची, आम्ही थोड्या वेळापूर्वीच रचलेली लहान लगोरीही नव्हती.

मी नवऱ्याला हाक मारली. तो मागे जाऊन बघून आला. लगोरी ढासळली नव्हती, दगड उचलून उतारावर फेकलेले होते.

"तू मागे होतास," तो ड्राफ्ट्समनला म्हणाला. "तुझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं."

"मी नाही पाडलो."

"मग कुणी पाडली?"

"मला काय ठाऊक दादा? मी पायाखाली बघून चालत होतो."

"आणि दुर्बिणीतून इतका वेळ काय बघत होतास?"

त्यानं माझ्या हातातली दुर्बीण घेऊन पिशवीत टाकली. त्या क्षणी ऑफिसातली सगळी कुजबुज माझ्या डोक्यात एकदम उभी राहिली, आणि मनात भलभलतं आलं. आम्ही सीमेवर सापडावं अशी ह्याची इच्छा असेल का? इथं पकडले गेलो तर कंपनी काय म्हणेल, आमचा व्हिसा काय होईल? ह्याला त्यात काय मिळणार हे मात्र मला सांगता आलं नसतं. संशयाला तेवढी गरज लागत नाही.

माथा गाठला, पण तो गाठल्यासारखा वाटला नाही. दोन्हीकडे डोंगरांच्या लाटाच लाटा, पूर्वेला कड्यांच्या फटीतून समुद्राचा एक निळा तुकडा. एरवी आम्ही तासभर बसलो असतो. तिघं तीन दगडांवर बसलो. मी डब्यातले मेथीचे ठेपले काढले, ड्राफ्ट्समननं नको म्हटलं. परत निघताना नवऱ्यानं त्याला मध्ये चालायला सांगितलं. तो मध्ये आला.

धारेवरच्या लगोऱ्या एकूण एक गेल्या होत्या. सोंडा फुटत होत्या तिथं आलो तर मोठीचाही पत्ता नाही. ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पेपर बघून म्हणाला, उजवीकडची सोंड. एरवी नवऱ्यानं त्याचंच ऐकलं असतं. त्या दिवशी तो म्हणाला, डावीकडची, मला आठवतंय. मला काहीच आठवत नव्हतं, तरी मी नवऱ्याच्या बाजूनं बोलले. ड्राफ्ट्समननं कागद घडी करून शर्टाच्या आत ठेवला आणि आमच्या मागून आला. डावी सोंड थोडी खाली जाऊन सरळ कड्यावर संपली. निसटत्या घसाऱ्यावरून हातपाय टेकत पुन्हा वर चढलो.

आणि वर मोठ्या लगोरीच्या जागी एक म्हातारा बसला होता.

वाळकुडा, पांढऱ्या दाढीचा, अंगावर मळकट कंदुरा म्हणजे तिकडचा पायघोळ झगा, पायांत टायरच्या चपला. खांद्यावर लांब दांड्याची एक लहानशी कुऱ्हाड, खेळण्यातली वाटावी एवढंच तिचं पातं. आम्ही खाली गेलो होतो त्या आधी नवऱ्यानं खुणेला चार दगड रचून ठेवले होते. त्यातला शेवटचा म्हाताऱ्यानं आमच्या डोळ्यांदेखत उचलला आणि उतारावर भिरकावला. दगड बराच वेळ खाली आपटत गेला.

आम्ही दोघंही ड्राफ्ट्समनला विसरून म्हाताऱ्याकडे बघत राहिलो असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी आधी ड्राफ्ट्समनकडे पाहिलं. तो आमच्याकडे बघत नव्हता.

म्हातारा उठला आणि रागानं बोलू लागला. हॉस्पिटलातल्या अरबीपेक्षा ती बोली फार वेगळी होती. तो दगडांकडे बोट करायचा, मग ह्या बाजूला, मग त्या बाजूला, मग आमच्या छातीकडे. त्यात एकच शब्द परत परत येत होता आणि तो मला इतका स्पष्ट कळला की आधी वाटलं माझेच कान वाजले.

"हा हद्द म्हणतोय," मी म्हणाले.

"आपल्या मराठीतली हद्द?" नवऱ्यानं विचारलं.

"आपलीच. हद्द."

ड्राफ्ट्समन मटकन खाली बसला. "वहिनी," तो म्हणाला, "त्याला वाटतंय आपण हद्दीचे दगड लावायलोय."

मग तिथंच बसून, म्हातारा कुऱ्हाड धरून उभा असताना, त्यानं सांगितलं. तो लहान असताना त्याच्या गावात साखळी आणि दगड घेऊन माणसं आली होती. गाव कुठल्या राज्यात धरायचं, शीव कुठून जाते ते मोजायला. शेतांच्या कडेनं दगड रोवले, चहा घेतला, गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही दगड जागेवर नव्हता. सगळे गावच्या विहिरीत. त्यात त्याच्या वडिलांचाही हात होता. त्याला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी म्हाताऱ्यासमोर दोन्ही हात उघडे करून दाखवले. "मफी हद्द," मी म्हणाले. "मफी हुकूमा. तरीक. बस, तरीक." हद्द नाही, सरकार नाही, वाट, फक्त वाट.

"तरीक?" म्हातारा म्हणाला, आणि त्यानं सगळ्या डोंगरावरून एक नजर फिरवली. ह्या डोंगरावर कुणाला वाटेसाठी दगड लागतात हे त्याला खरं वाटलं नाही, आणि का वाटावं? तो सकाळपासून धारेच्या पलीकडच्या अंगानं, आम्हाला दिसणार नाही असा, आमच्या मागोमाग येत होता. आमच्यातल्या एकाचंही लक्ष गेलं नव्हतं. आम्ही एकमेकांकडेच बघत होतो.

त्यानं हातानं खूण केली, चला. आम्हाला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिला. ती सोंड ना उजवी होती ना डावी, दोहोंमधली, वरून बघता जी वाट असेल असं कुणालाच वाटलं नसतं. वळण आलं की तो कुऱ्हाडीचा दांडा खडकावर वाजवायचा आणि यमीन किंवा यसार म्हणायचा. उजवा, डावा. हे दोन शब्द मी रोज पेशंटना सांगायची, कुठला हात पुढे करा म्हणून. आता मी ते ऐकून पाय टाकत होते. एका ठिकाणी कड्यात पायऱ्यांसारखे दगड बसवलेले होते, किती जुने कोण जाणे.

शेतांजवळ आल्यावर त्यानं एका घराचं दार उघडलं, टाक्यातलं पाणी आणि चिकट खजूर पुढे ठेवले. आम्ही खाल्ल्यावर त्यानं पिशव्यांकडे बोट केलं. मी ओळखलं, त्याला आत काय आहे ते बघायचंय. आम्ही एकेक वस्तू काढून मांडली. स्वेटर, डबे, दोरी, दुर्बीण. दुर्बीण त्यानं हातात घेतली, उलटी धरून आमच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवली. ड्राफ्ट्समन पाण्याचं भांडं परत द्यायला वाकला तेव्हा त्याच्या शर्टाच्या आत ट्रेसिंग पेपर करकरला. म्हाताऱ्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. त्यानं फक्त विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं? मी म्हणाले, कुणी नाही. थोड्या वेळानं त्यानं तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तो ओढ्याच्या पात्रापर्यंत आमच्या मागे आला आणि शेवटच्या दगडावर उभा राहून आम्ही पिकअपमध्ये बसेपर्यंत बघत राहिला.

पठाण आला होता, एकटाच. आमची कथा ऐकून त्याला नवल वाटलं नाही. काही महिन्यांपूर्वी कुणी माणसं वर जाऊन दगडांना रंग लावून आली होती म्हणे, कुठल्या सरकारची ते कुणालाच माहीत नाही. डोंगरावरच्या लोकांच्या शेळ्या धारेच्या दोन्ही अंगांना चरतात. बराच वेळ गाडी चालवल्यावर तो हळूच म्हणाला, "अब तो बता दो भाई, असल में किस काम से गए थे?"

बहारीनला परतल्यावर ड्राफ्ट्समन शुक्रवारी येईनासा झाला. ऑफिसात दोघं एकमेकांशी नीट बोलायचे, कामापुरतं. नवऱ्यानं त्याची माफी मागितली नव्हती. मागायला हवी हे त्याला कळत होतं, पण ती वेळ विमानतळावरच निघून गेली असं तो म्हणायचा.

उन्हाळा सुरू होता होता ड्राफ्ट्समन माझ्या लॅबमध्ये आला. कुवेतला नोकरी ठरत होती आणि रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन तो रांगेत बसला होता. त्याचा नंबर आला तेव्हा मी त्याच्या दंडाला पट्टी बांधली. घरच्यांची चौकशी केली. तोच म्हणाला, "वहिनी, एक विचारू? नकाशाचं तुम्ही कुणाला बोलला होता?"

"नाही," मी म्हणाले.

"मला ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याबरोबर आलो." सुई आत गेली तरी तो माझ्याकडेच बघत होता. "ऑफिसात म्हणायचे की दादा साहेबाचे कान आहेत. म्हटलं, एक गोष्ट सांगून बघावी. पंधरा दिवस वाट बघितली. साहेबापर्यंत गेली नाही. मग माझ्या मनातून ते गेलं."

मी सुई काढून कापूस दाबला. त्याला मूठ उघडायला सांगायचं राहिलंच, त्यानं आपणहून उघडली. आमच्या मनातून कधी गेलं, हे त्यानं विचारलं नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं पेपर खाली ठेवला. आपल्याबद्दल कुणी असं म्हणत असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मग त्यानं विचारलं, कोण म्हणायचं? आणि मला कळलं की आता हा रोज ऑफिसात बसून तोंडं न्याहाळणार.

पुढच्या शुक्रवारी तो एकटाच जिदहफ्सला जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्यानं सविस्तर सांगितलं नाही. चहा झाला, एवढंच म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून बरं झालं असावं असं मला वाटलं. महिनाभरानं ड्राफ्ट्समन कुवेतला गेला. सुरुवातीला सणाला त्याचं कार्ड यायचं. पुढे आमचा पत्ता बदलला, त्याचाही बदलला असेल.

ऑफिसातल्या मंडळींनी त्याच्या जागी आलेल्या माणसाबद्दल दिवाळीच्या आतच बोलायला सुरुवात केली. तो सोलापूरचा होता, फार हसतमुख. नवऱ्यानं त्याला पहिल्याच आठवड्यात जेवायला बोलावलं. मी पुरणपोळी केली होती. जेवण होईपर्यंत तिघांपैकी कुणीही ऑफिसचा विषय काढला नाही.